आपला विश्वासू, अ. ब. क.

दहावीच्या मराठीच्या पेपरात एक प्रश्न माझ्या वेळी यायचा, माझ्या मुलांच्या वेळीही आला. चौकटीत एक छोटीशी जाहिरात छापलेली असते. अमुक वाचनालयाला ग्रंथपाल पाहिजे, तमुक दुकानाला हिशेबनीस पाहिजे. खाली सूचना : ही जाहिरात वाचून नोकरीसाठी अर्ज लिहा. तो लिहायची रीतही ठरलेली. वर पत्ता आणि दिनांक, मग ‘प्रति, माननीय व्यवस्थापक’, मग विषय, मग ‘आपल्या जाहिरातीस अनुसरून’, मग वय आणि शिक्षण, मग ‘मला या कामाची मनापासून आवड आहे, संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन’, आणि तळाला ‘आपला विश्वासू, अ. ब. क.’ मायना चुकला तर गुण कापतात, दिनांक राहिला तर कापतात. ग्रंथपालाच्या अर्जात हिशेबनीस घातला आणि बाकी एक अक्षर हलवलं नाही, तर मात्र कोणी काही कापत नाही.

म्हणजे अख्ख्या शाळेत ज्या एका प्रश्नावर जाहिरात डोळ्यांपुढे छापून दिलेली असते, तिथेच आपण मुलांना ती न वाचता उत्तर लिहायला शिकवतो. पुढे हा अ. ब. क. पदवीधर होतो, झेरॉक्सच्या दुकानात जातो, तिथल्या संगणकावर आधीच्या कोणाचा तरी रेझ्युमे उघडून त्यात आपलं नाव घालून घेतो, वीस प्रती काढतो आणि वीस ठिकाणी टाकतो. उत्तर येत नाही. मग घरात बोलणं सुरू होतं, वर आपल्या ओळखीचं कोणी नाही ना, म्हणून.

मी बावीस वर्षं गोव्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या कर्मचारी विभागात होते. हे अर्ज उघडणारा हात माझा होता. आता निवृत्त झाल्यावर शनिवारी सकाळी डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयात बसते आणि येतील त्यांचे अर्ज वाचून देते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय, त्यामुळे हे जरा ठासून म्हणते. एका नोकरीसाठी, तिचीच जाहिरात समोर ठेवून लिहिलेला रेझ्युमे हे ज्याच्यामागे वशिला नाही त्याच्या हातातलं जवळजवळ एकमेव हत्यार आहे. लोक त्याला चलाखी म्हणतात, खुशामत म्हणतात. ते चालवायला आपण मुलांना शिकवत नाही, आणि ज्यांनी ते ओळखायचं त्या कंपन्याही आपलं काम नीट करत नाहीत. दोन्ही बाजूंचं सांगते. कंपन्यांच्या बाजूला मीही आहे.

आधी सवयीचं. गोव्यात नोकरी म्हटलं की डोळ्यांपुढे सरकारी नोकरी येते, आणि सरकारी नोकरीचा अर्ज लिहायचा नसतो, भरायचा असतो. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड, जन्मदाखला, गुणपत्रिका, ‘कोकणीचे ज्ञान आवश्यक, मराठीचे ज्ञान इष्ट’ ही ओळ. कागद पुरे असले की अर्ज पुरा. तिथे ते तसंच असायला हवं. आता कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा संगणकावर होते, आणि परीक्षेच्या दारात सगळे सारखेच दिसले पाहिजेत. पण तीच फाईल काखेत मारून मुलगा वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत जातो. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये वर रेझ्युमे, खाली शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेपासूनची सगळी प्रमाणपत्रं. त्याच्या लेखी रेझ्युमे म्हणजे त्या कागदांची अनुक्रमणिका.

सरकारी नोकरीच्या या ओढीची दुसरी बाजू आपण 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाहिली. नोकरी लावून देतो म्हणून लाखांनी पैसे घेतल्याच्या तक्रारी एकामागून एक पोलिसांत गेल्या. त्या रकमा वाचताना मला पैसे घेणाऱ्यांचं नवल वाटलं नाही. देणाऱ्यांच्या मनात आपला कागद कोणी वाचणार नाही याची किती पक्की खात्री असेल, ते मात्र वाटलं.

2023-24 च्या केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात गोव्याचा बेरोजगारीचा दर 8.5 टक्के निघाला, देशाचा 3.2. हा आकडा निघाला की आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो उद्योगच नाहीत, दुसरा म्हणतो आमच्या पोरांना काम नको, खुर्ची पाहिजे. दोन्हींत थोडं थोडं तथ्य असेल. मला शनिवारी दिसतं ते याहून लहान आणि रोजचं आहे. काम आणि माणूस एकमेकांसमोरून जातात आणि त्यांची ओळखच पटत नाही.

एकाचं सांगते. साखळीच्या पलीकडच्या गावचा, चाळिशीला टेकलेला माणूस. बारावीनंतर खाणीवर लागला. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या, तीनेक वर्षांनी हळूहळू हलल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांच्या लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च 2018 मध्ये पुन्हा थंड पडल्या. तेव्हापासून याने भावाचा ट्रक चालवला, लग्नसराईत मंडप घातले, काजूच्या दिवसांत सासऱ्यांच्या भट्टीवर राबला. माझ्यापुढे ठेवलेल्या कागदावर या सगळ्याचं एका ओळीत भरीत झालं होतं : ‘अनुभव : खाणीत काम, 8 वर्षे.’ खाली छंद, क्रिकेट आणि संगीत ऐकणे. जाहिरात होती कुंडईच्या बाजूच्या एका कंपनीची, डिस्पॅच असिस्टंट पाहिजे म्हणून.

मी विचारलं, खाणीत म्हणजे नेमकं काय करायचास?

“काट्यार आशिल्लों, आनी कितें?” काट्यावर होतो, आणखी काय? एवढं बोलून तो गप्प. त्याच्या दृष्टीने सांगून झालं होतं.

म्हटलं, सकाळी ड्युटीवर गेल्यापासून सांग. मग एकेक निघायला लागलं. रिकामा ट्रक वजनकाट्यावर घ्यायचा, वजन टिपायचं. भरून आला की पुन्हा काट्यावर. वजाबाकी करून मालाचं वजन काढायचं. मर्यादेपेक्षा जास्त भरला असेल तर उतरवायला परत पाठवायचा, की ड्रायव्हरशी हुज्जत. ट्रिपची पावती फाडायची, त्यावर गाडीचा नंबर, वेळ, मालाची ग्रेड. हंगाम भरात असला की दिवसाला दीडशे तरी ट्रक. संध्याकाळी पावत्यांची बेरीज करायची आणि जेटीवर बार्जमध्ये चढलेल्या मालाशी जुळवायची. जुळली नाही तर घरी जायचं नाही. एकदा अकरा टनांचा फरक येत होता. रात्री दहाला सापडला. एकाच ट्रकची पावती दोनदा धरली गेली होती. हे सांगताना तो खुर्चीत पुढे सरकला, टेबलावरची माझी वर्तमानपत्रं बाजूला सारून त्याने पावत्यांचे गठ्ठे कसे लावायचे ते हाताने दाखवलं.

आणि जाहिरातीत काय होतं? येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचं वजन आणि नोंद, माल पाठवण्याचं चलन तयार करणं, स्टॉकचा ताळमेळ, वाहतूकदारांशी बोलणं, एक्सेल. पाचांतल्या चार गोष्टी हा माणूस आठ वर्षं करत होता. कागद मात्र म्हणत होता, खाणीत काम. कर्मचारी विभागातल्या माझ्या टेबलावर हा अर्ज आला असता तर मी दुसऱ्यांदा बघितलाही नसता. आले असतीलच असे कितीतरी. खाण म्हटल्यावर फावडं आणि घमेलं याच्यापलीकडे माझंही डोकं गेलं नसतं, आणि माझं डोकं तिथे नेण्याचं काम त्या कागदाचं होतं.

आम्ही नवा कागद केला. वर ठळक, ‘वजनकाटा आणि डिस्पॅच नोंदी, 8 वर्षे’. त्याखाली जाहिरातीतल्याच क्रमाने चार ओळी. अकरा टनांची गोष्ट एका वाक्यात घातली, कारण ताळमेळ जमतो असं सगळेच लिहितात, फरक शोधून काढला असं कोणी लिहीत नाही. ट्रक चालवल्याची ओळ खाली नेली, पण काढली नाही. वाहतूकदारांशी बोलायला स्वतः स्टिअरिंग धरलेला माणूस बरा. मंडप काढले, भट्टी काढली, क्रिकेट काढलं. एक्सेलची जागा रिकामी राहिली.

“येतं असं लिहूया ना बाई, सगळे लिहितात,” तो म्हणाला. मी नको म्हटलं.

इथे तो नेहमीचा आक्षेप येतो. वाचनालयात पेपर वाचायला येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी मला एकदा सगळ्यांदेखत सुनावलं की तुम्ही मुलांना नटवायला शिकवता. खरं ते एकच असतं, मग वेर्ण्याला एक रेझ्युमे आणि म्हापशाला दुसरा, हे कसं? गुरुजींचा मान ठेवून सांगते. आपण डॉक्टरांकडे गेल्यावर गुडघ्याचं सांगतो आणि बँकेत गेल्यावर उत्पन्नाचं. बँकेत गुडघा लपवला असं कोणी म्हणत नाही. समोरच्याने काय विचारलंय ते ऐकून त्याच्या कामाचं तेवढं आधी सांगणं, एवढंच यात आहे. जे केलं त्यातलं निवडावं, क्रमाने लावावं, त्याला त्या धंद्यातलं नाव द्यावं. ‘पावत्या जुळवायचो’ याला कंपनीत रिकन्सिलिएशन म्हणतात, तर तसं म्हणावं. न केलेलं घालू नये. गुरुजींचा नटवण्याचा आरोप खरं तर छापील नमुन्यावरच जास्त बसतो, कारण ‘मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये मिसळणारा’ ही विशेषणं तर न तपासता सगळ्यांनाच चिकटवलेली असतात.

न केलेलं घातलं की काय होतं, ते मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. एका उमेदवाराने ‘अॅडव्हान्स्ड एक्सेल’ लिहिलं होतं. मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि म्हटलं, या रकान्याची बेरीज करून दाखव. त्याने दोन क्षण पडद्याकडे बघितलं आणि खिशातून मोबाइल काढून कॅल्क्युलेटर उघडला. मला हसू आवरलं, पण त्यानंतर त्याच्या कागदावरची खरी ओळही मला खरी वाटेना. मुलगा वाईट नव्हता. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की सगळे लिहितात.

काट्यावरचा माणूस पुढचे तीन आठवडे वाचनालयाच्या संगणकावर बसला. मग आम्ही ओळ घातली : ‘एक्सेल : बेरीज, फिल्टर, साधे तक्ते, पुढचे शिकत आहे.’

आणखी एक गोष्ट त्या सकाळी लक्षात आली, आणि मराठी वाचणाऱ्यांपुढे मला ती मुद्दाम मांडायची आहे. हे सगळं त्याच्या तोंडून कोकणीत निघालं. मी जर कागद पुढे ओढून पहिल्यापासून इंग्रजीत लिहायला लावलं असतं, तर ‘रिस्पॉन्सिबल फॉर व्हेरियस अॅक्टिव्हिटीज’ असं काहीतरी निघालं असतं आणि आम्ही दोघं चहा प्यायला उठलो असतो. आपल्याकडची मुलं घरी कोकणी बोलतात, मराठी पेपर वाचतात, कॉलेजात इंग्रजी लिहितात. कामाची आठवण घरच्या भाषेत असते. उसन्या भाषेत ती शोधायला गेलं की हाताला उसनी वाक्यंच लागतात. एका जागेसाठी आलेल्या गठ्ठ्यातल्या निम्म्याहून अधिक अर्जांचं पहिलं वाक्य ‘टु वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट’ असं होतं. शेवटी मी दुसऱ्या परिच्छेदापासूनच वाचायला लागले. हेच वाक्य मराठीत म्हणून बघा : मला आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेचा व स्वतःचा उत्कर्ष साधायचा आहे. जेवताना घरी असं बोललात तर आई कपाळाला हात लावून ताप बघेल.

खासगी नोकरीचा रेझ्युमे इंग्रजीतच द्यावा लागतो, मुलाखतही बहुधा इंग्रजीतच होते, हे मान्य. इंग्रजी शिकू नका असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक गावात इंग्रजी संभाषणाचे वर्ग काढले की प्रश्न सुटला, असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. आधी काय केलं ते आपल्या भाषेत कोणाला तरी सांगावं. ऐकणाऱ्याने ‘म्हणजे काय?’ असं चार वेळा विचारावं. इंग्रजी त्यानंतर. मोरजीच्या किनाऱ्यावर चार हंगाम शॅकमध्ये काम केलेला एक मुलगा मोपाच्या विमानतळावर प्रवासी सेवेच्या जागेसाठी अर्ज घेऊन आला होता. त्याच्या रेझ्युमेत बी.कॉम.चे टक्के होते. रशियन पाहुण्यांशी तो त्यांच्या भाषेत ऑर्डर, बिल आणि भांडण तिन्ही करू शकतो, हे कुठेच नव्हतं. ‘ते काय शिक्षण आहे?’ असं तो म्हणाला. गावच्या देवळातल्या उत्सवी नाटकाचा पाच वर्षं हिशेब ठेवणारी, मुंबईहून ऐन वेळी न आलेल्या नटीच्या जागी दुसरी उभी करणारी मुलगी हॉटेलच्या बँक्वेट विभागात अर्ज करताना ‘फ्रेशर’ लिहिते. फ्रेशर कसली?

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. ज्याला पोटासाठी पन्नास ठिकाणी अर्ज टाकायचेत, त्याने प्रत्येकाला वेगळा कागद कधी लिहायचा? वेळ हीसुद्धा पैशासारखीच गोष्ट आहे, ज्याच्याकडे असते त्याच्याकडेच असते. मी स्वतः 1994 साली टाइपरायटरवर एक अर्ज ठोकला, कार्बन लावून सात प्रती काढल्या, वर कंपनीचं नाव घालायला जागा सोडली. पण मजकुराच्या मध्ये एका ठिकाणी पहिल्या कंपनीचं नाव राहून गेलं. सातांपैकी एका ठिकाणाहून अर्ज पोस्टाने परत आला. त्या नावाखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ, बाकी एक शब्द नाही. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. तेव्हापासून माझं मत असं की पन्नासऐवजी दहाच टाकावेत. एकदा बसून एक वही करावी, तिच्यात केलेलं सगळं उतरावं, मंडपासकट आणि भट्टीसकट. ती कोणाला द्यायची नाही. जाहिरात आली की तिच्यातून उचलायचं. पहिल्या अर्जाला अर्धा दिवस जातो, चौथ्याला तास पुरतो.

मोठ्या कंपन्यांत तर आता अर्ज माणसाच्या आधी सॉफ्टवेअर वाचतं. ते मजकूर उचलतं आणि जाहिरातीतल्या शब्दांशी ताडून बघतं. चौकटी, नक्षी, दोन-दोन रकाने यांत ते अडखळतं. जाहिरात ‘इन्व्हेंटरी’ म्हणत असेल आणि तुम्ही नुसतं ‘स्टॉक’ लिहिलं असेल तर निष्कारण मागे पडाल. आपल्याकडच्या लहान कारखान्यांत असलं काही नसतं. तिथे मालक व्हॉट्सअॅपवर आलेला रेझ्युमे चहा पिताना मोबाइलवर उघडतो आणि पहिला अर्धा पडदा बघतो. त्या अर्ध्या पडद्यात आजोळचा पत्ता नको. फाईलचं नावही ‘न्यू फायनल 2’ नको.

हल्ली मुलं चॅटजीपीटीकडून लिहून आणतात. झेरॉक्सच्या दुकानाची जागा मोबाइलने घेतली, इंग्रजी सुधारलं, बाकी फार फरक पडला नाही. त्याला काट्याची गोष्ट सांगितली तर तो चांगला लिहितो, हे मी करून पाहिलंय. काहीच सांगितलं नाही तर तो मनचं घालतो. एकाच्या रेझ्युमेत ‘टीमचे नेतृत्व केले’ असं होतं. कोणत्या टीमचं, विचारलं तर म्हणाला, “हांव एकटोच आशिल्लों.” मी एकटाच होतो.

आता त्या कागदावर जे नसावं त्याचं. मराठीत बायोडाटा म्हटलं की अर्धा जीव लग्नाकडे धावतो, आणि नोकरीच्या कागदातही वडिलांचं नाव, त्यांचा व्यवसाय, धर्म, विवाहित की अविवाहित, उंची, वर फोटो हे सगळं येतं. गण आणि नाडी तेवढी राहते. हे नुसतं निरुपयोगी असतं तर मी हसून सोडलं असतं. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 2007 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलून. दलित वाटणाऱ्या नावांना उत्तरं कमी आली, मुस्लिम नावांना त्याहूनही कमी. गोव्यात तर आडनाव कळलं की गाव विचारतात, गाव कळलं की देऊळ, आणि तेवढ्यात सगळी वंशावळ पुढे उभी राहते. आडनाव कागदावरून काढता येत नाही. बाकीचे रकाने येतात. ती मोकळी झालेली जागा कामाच्या ओळींना द्यावी. कागद कितीही नेमका लिहिला तरी वाचणाऱ्याच्या डोक्यातलं काढता येत नाही, हेही मी मुलांना सांगते. खोटी आशा देऊन पाठवण्यात अर्थ नाही.

आणि आता वाचणाऱ्यांकडे येते. जाहिरातीवर नेम धरून अर्ज लिही असं मुलाला सांगायचं, तर जाहिरातीत नेम धरण्यासारखं काहीतरी हवं की नको? कुठलीही चार कात्रणं काढा. ‘पाहिजेत : होतकरू मुलगे व मुली. शिक्षण बारावी ते पदवीधर. पगार आकर्षक. फोटोसह समक्ष भेटा.’ कसलं काम, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आकर्षक म्हणजे किती, काही नाही. याला अ. ब. क. शिवाय दुसरं कोण उत्तर देणार?

हे मी दुसऱ्यांना म्हणत नाही. आमच्या कारखान्यात जागा निघाली की मी जुनी फाईल काढायची, मागच्या जाहिरातीतला दिनांक खोडून नवा घालायची आणि पेपरात पाठवायची. स्टोअर्सचं काम केव्हाच संगणकावर गेलं होतं, तरी आमची जाहिरात कितीतरी वर्षं ‘सुवाच्य हस्ताक्षर’ मागत होती. आलेल्या अर्जांना मी नावं ठेवायची, सगळ्यांचे सारखेच म्हणायची. प्रश्न वर्षानुवर्षं तोच छापणाऱ्या बाईने उत्तरं पाठ केलेली आहेत म्हणून रागावण्यासारखं होतं ते.

खासगी क्षेत्रात स्थानिकांना 80 टक्के नोकऱ्या द्या, ही घोषणा आपण निवडणुकीगणिक ऐकतो. टक्क्यांवर भांडायच्या आधी एक साधी अट का घालू नये? औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत ज्यांना भूखंड मिळतो त्यांनी जाहिरातीत काम, पाळी, पगाराचा किमान आकडा आणि ने-आणीची सोय लिहिली पाहिजे. मराठी-कोकणी येणारा माणूस ज्या कामाला खरोखर लागतो तिथे तेही लिहावं, म्हणजे आपल्या मुलाला ती आपली जमेची बाजू आहे हे कळेल. याला पैसा लागत नाही. आणि शाळेच्या त्या प्रश्नात दोन वेगळ्या जाहिराती द्याव्यात, एकाच मुलाचे दोन अर्ज लिहायला सांगावेत. दोन्ही अर्ज सारखे आले तर गुण कापावेत. मायना चुकला तर खुशाल सोडून द्यावा.

काट्यावरच्या माणसाला बोलावणं आलं. मुलाखतीत त्याला अकरा टनांबद्दलच विचारलं म्हणे, आणि तिथेही त्याने टेबलावर गठ्ठे लावून दाखवले. नोकरी मिळाली. रुजू झाल्यावर कळलं की एक आठवडा आड दुसरी पाळी, रात्री अकराला सुटते, आणि कंपनीची बस फोंडा आणि पणजीच्याच बाजूला जाते. साखळीकडे त्या वेळी काही नाही. पावसाळ्यात माशेल, खांडोळा करत आमोण्याचा पूल ओलांडून तो घरी पोचतो तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. त्याने हप्त्याने स्कूटर घेतली. पगारातून हप्ता आणि पेट्रोल वजा केल्यावर किती उरतं, ते त्याने मला त्याच्या नव्या एक्सेलमध्ये करून दाखवलं. “हें जायरातींत बरोवंक जाय आशिल्लें,” एवढंच म्हणाला. हे जाहिरातीत लिहायला हवं होतं.

गेल्या शनिवारी तो भाच्याला घेऊन आला. भाचा आयटीआय झालेला, हातात प्लास्टिकचा फोल्डर. वर जाहिरातीचं कात्रण टाचलं होतं आणि त्यावर मामाने पेनाने दोन वर्तुळं काढली होती. एक कामाच्या ओळीभोवती. दुसरं, जिथे पाळीची वेळ असायला हवी होती, त्या कोऱ्या जागेभोवती. तळाला फोन नंबर होता. आम्ही वही उघडायच्या आधी भाच्याला व्हरांड्यात पाठवलं, फोन लावायला.